अकोटचा तुर्क

मास्तर इस्तंबूलचे नव्हते, अकोटचे होते, ही गोष्ट त्या वेळी अमरावतीत सात-आठ माणसांनाच ठाऊक होती. त्यातला एक मी. ती आणखी कोणाला कळू नये याची काळजीही मलाच वाहावी लागायची, कारण ती थाप मुळात माझ्याच डोक्यातून निघाली होती.

बडनेरा रोडवर आमच्या मालकांनी तुर्की जेवणाचं हॉटेल काढलं ते कापसाच्या वाईट वर्षांत. अशा वर्षांत असलं हॉटेल काढायची बुद्धी कुणाला होते, तर जो एकदा सहलीत इस्तंबूल पाहून येतो त्याला. परत आल्यापासून मालकांना अमरावतीत काही गोड लागत नव्हतं. त्यांनी निळ्या काचेचे दिवे आणले, भिंतींवर गालिचे ठोकले, दारात नजर लागू नये म्हणून तिकडे टांगतात तो काचेचा निळा डोळा टांगला. मी तिथे कॅप्टन होतो, म्हणजे वेटर लोकांचा मुकादम. गिऱ्हाईक कबाब मागवायचं आणि बरोबर तर्री मागायचं. बकलावा तोंडात टाकून हे तर आपल्या खाज्यासारखंच आहे म्हणायचं. मालकांना ते ऐकवत नसे. शेवटी त्यांनी ठरवलं, संध्याकाळी थेट तुर्की वाद्यसंगीत ठेवायचं. तुर्की माणूस मिळेना, तेव्हा मी अकोटहून मास्तरांना आणलं.

मास्तरांचा अकोटात बँड होता, चाळीस वर्षांचा. माझ्या मावसभावाच्या वरातीत मी त्यांचं क्लॅरिनेट ऐकलं होतं आणि ते मनात राहिलं होतं. पण त्या वर्षांत गावोगावी लग्नं साध्यात उरकू लागली. सामुदायिक मेळाव्यात ओळीने जोडपी उभी करायची आणि सगळ्यांना मिळून एक डीजे. मास्तरांचे वाजवणारे कोणी वीटभट्टीवर गेले, कोणी सुरतेला. मागे उरले ते आणि एक ढोलकवाला, त्यालाही मी त्यांच्याबरोबर आणलं. साठी उलटलेल्या माणसाला दुसरं काय काम मिळणार? पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते सरळ सांगून टाकलं.

"कप्तान, इथलं बी गेलं न, तर क्लारनेट खुंटीवर. एकदा खुंटीवर गेलं का मंग ते उतरत नाई."

मालकांनी त्यांना जरीचं जाकीट दिलं आणि काळ्या गोंड्याची लाल तुर्की टोपी दिली. जाकीट मास्तरांनी नाक मुरडून घातलं. टोपीला मात्र आधी हात लावून कपाळाशी नेला. त्यांच्या आजोबांचा लग्नातला एक फोटो होता, त्यात आजोबांच्या डोक्यावर अशीच टोपी होती. टोपी तेवढी माझी खानदानी आहे, बाकीचं सोंग तुमचं, असं ते मला ऐकवायचे. ती टोपी ते कधी टेबलावर ठेवत नसत, आणि जाकीट घातल्यावर डोक्यावरून काढतही नसत.

अडचण एकच होती. तोंड उघडलं की मास्तर अस्सल वऱ्हाडी होते. तेव्हा मी मालकांना तोड सुचवली की त्यांनी बोलायचंच नाही. आला गेला कोणी काही म्हणाला तर हात छातीवर ठेवायचा आणि मान लववायची. परदेशी माणूस, भाषा येत नाही, संपलं. मालक खूश झाले आणि त्यांनी बाहेरच्या फलकावर 'वाद्यसंगीत, थेट इस्तंबूलहून' असं रंगवून आणलं. मीही स्वतःवर खूश होतो. ही तोड मी जगातल्या सगळ्यात बडबड्या माणसासाठी काढली आहे हे मला आठवड्याभरात कळलं.

सातला हॉल उघडायचा. मास्तर पाचलाच येऊन स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर फतकल मारायचे. खोलीवरून आणलेली ज्वारीची भाकर आणि ठेचा सोडायचे आणि बोलत सुटायचे. तुर्की जेवणाला त्यांनी कधी हात लावला नाही. भाकर झाली की चहा. तो बशीत ओतायचा, क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पत्ती त्यात भिजत ठेवायची, पत्ती मऊ झाली की उचलून घ्यायची आणि मग तोच चहा पिऊन टाकायचा. पाण्यात भिजवलेली पत्ती रडते, असं त्यांचं म्हणणं होतं. या सगळ्यात तोंड चालूच. सातला दोन मिनिटं असताना मी घड्याळ दाखवायचो आणि ते वाक्य अर्ध्यावर सोडून टोपी घालायचे. मग नऊ वाजेपर्यंत मी वेटरांकडे कमी आणि मास्तरांच्या ओठांकडे जास्त बघायचो. पत्ती तोंडात असली की माझा जीव भांड्यात पडायचा. दोन चिजांच्या मधला वेळ मला जाळायचा.

पहिली चूक झाली ती पदरामुळे. एका टेबलाशी शेगडीवर कबाब आणून ठेवले होते आणि तिथल्या बाईंचा पदर निखाऱ्यांवर लोंबत होता. कोणाचं लक्ष नव्हतं. मास्तरांनी वाजवता वाजवता क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि ओरडले, "माय, पदर!" बाईंनी पदर ओढला, टोक करपलं तेवढंच. पण अख्खा हॉल त्या तुर्काकडे बघत राहिला. मी पुढे होऊन सांगितलं की तुर्की भाषेतही पदराला पदरच म्हणतात. लोक हसले आणि निभावलं. मालक हसले नाहीत. बाई भाजली असती असं मी म्हणालो, तर ते म्हणाले की बाईला वाचवायला वेटर आहेत, त्याला वाजवायला ठेवलंय.

दुसरी चूक समजायला मास्तरांची एक रीत सांगायला हवी.

ज्या घरात कोणी गेलं आहे त्या घरापुढे वरातीचं वाजणं थांबतं, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. पण बाकीचे बँडवाले कोणी सांगितलं तर थांबायचे. मास्तर वरातीच्या दिवशी दुपारीच त्या गावात जाऊन सगळी वाट एकदा रिकाम्या हाताने पायी चालून यायचे. पिठाच्या चक्कीवर विचारायचे, न्हाव्याकडे विचारायचे. कोणाच्या घरी सुतकाची डोकी भादरली हे न्हाव्याला सगळ्यात आधी कळतं. मग घरं ध्यानात ठेवायची आणि वरात तिथे आली की क्लॅरिनेट खाली. त्यांच्यामागे सगळा बँड गप्प. कधी कधी त्या घरातली बाई उंबऱ्यावर यायची आणि वाजवा म्हणायची, लेकरांच्या आनंदात आमचं कशाला. ती म्हणाली तरच वाजायचं, नाहीतर पुढच्या घरापर्यंत नुसते पाय वाजणार.

त्या वाईट वर्षांत अकोटपलीकडच्या एका गावात म्हणे त्यांची वरात मारुतीपासून मांडवापर्यंत जवळजवळ मुकीच गेली. नवरदेवाचा काका अंगावर धावून आला, बँड बोलावला तो मिरवायला का? मास्तर त्याला म्हणाले, "तुमच्या गावात वाजवाले जागा दाखवा, वाजवतो." हे सांगताना ते हसत नव्हते आणि आवाजही चढवत नव्हते. बशीतल्या पत्तीकडे बघत सांगत होते.

तर दुसरी चूक अशी, की हॉटेलच्या मोठ्या काचेतून एके संध्याकाळी रस्त्यावरून जाणारी प्रेतयात्रा दिसली आणि मास्तर थांबले. माणसं पेट्रोल पंपाच्या पुढे जाईपर्यंत थांबले आणि मग जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. गिऱ्हाइकांना काही कळलंही नाही. पण मालक गल्ल्यावर होते. त्यांनी मला आत बोलावून विचारलं की रस्ता आपल्या बापाचा आहे का, आणि त्यावर रोज कोणी ना कोणी जाणारच, मग हा रोज थांबणार का? मास्तरांना समज दे म्हणाले. मी दिली. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, काचेला पडदा नाही का लावता येणार?

पडदा लागला नाही. तिसरी वेळ आली ती एका रविवारी.

त्या दिवशी मालकांनी नागपूरचे दोन पाहुणे जेवायला बोलावले होते. त्यांना नागपुरात असंच हॉटेल काढायचं होतं आणि आमच्या मालकांना त्यात भागी हवी होती. तुर्क थेट इस्तंबूलहून आणलाय हे त्यांना आधीच सांगून झालं होतं. दुपारी मालक मला म्हणाले, "दोनदा झालं. आज तिसऱ्यांदा झालं तर तो घरी. अन् हे त्याला तू सांगायचं." मी ओट्यावर जाऊन सांगितलं. मास्तर बोलत होते ते थांबले. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवशी पत्तीचा चहा प्यायचं विसरले.

साडेसातच्या सुमाराला तिघं जण आत आले. पुढे पांढऱ्या शर्टातला एक मोठ्या आवाजाचा माणूस, मागे पंचेचाळिशीची एक बाई आणि तिचा विशीतला मुलगा. बाईच्या लुगड्याच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. मुलाच्या डोक्यावर कॅप होती. दर्यापूरकडच्या कुठल्या तरी गावची माणसं होती. मी एका नजरेत ओळखलं. आमच्याकडे चौदावं झालं की मामा येतो आणि दुखवटा काढतो. बहिणीला नवं लुगडं घेतो, भाच्यांना कपडे घेतो आणि सगळ्यांना बाहेर चार माणसांत नेऊन गोड खाऊ घालतो. घरात बंद पडलेलं हसणं-बोलणं, गाणं-वाजणं तिथून पुन्हा सुरू झालं असं धरतात. या मामाने बाहेरचा फलक वाचला असणार आणि बहिणीला गाणं असेल तिथेच न्यायचं ठरवलं असणार. घरातलं कोण गेलं हे बाईच्या मोकळ्या कपाळावरून दिसत होतं. कसे गेले ते मी मनातही विचारलं नाही. त्या वर्षांत तो प्रश्न विचारायचा आमच्याकडे बंदच झाला होता.

जागा मिळाली ती मास्तरांच्या अगदी समोर. मामाने मेनूकार्ड लांब धरून मोठमोठ्याने वाचायला सुरुवात केली. बाई मान खाली घालून बसली होती, पण हळूहळू तिची बोटं टेबलावर ढोलकाच्या ठेक्याने हलायला लागली. ते मी पाहिलं. मला बरं वाटलं. मग शेजारच्या टेबलावर शेगडी आली, ऊब लागली आणि मुलाने कॅप काढून मांडीवर ठेवली. डोकं गुळगुळीत, मागे तेवढी शेंडी.

मास्तर थांबले. क्लॅरिनेट खाली आलं. ढोलकवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि हात आवरले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये नुसते काटे-चमचे ऐकू यायला लागले. नागपूरच्या टेबलावर मालकांनी बोलता बोलता मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी चालत गेलो, पळालो नाही, एवढंच भान राहिलं. मास्तरांच्या कानाशी वाकलो. मला ठाऊक होतं की ते का थांबले. ती माणसं का आली आहेत हेही मला ठाऊक होतं. मास्तरांनी चाळीस वर्षं असली घरं रस्त्यावरून पाहिली होती. दाराआडचा मामा त्यांना कधी दिसला नव्हता. दुखवटा काढायला आलेत, एवढे तीन शब्द मी बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण मालकांचे डोळे माझ्या पाठीत रुतत होते. मी म्हणालो, "वाजवा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती, आणि रागाची असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी क्लॅरिनेट उचललं नाही.

तेवढ्यात समोरची बाई उठायला लागली. गावाकडची बाई होती ती, वाजवणारा माणूस कोणाला पाहून थांबतो हे तिला सांगावं लागत नव्हतं. तिने भावाचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "चाल दादा. आपल्या पायी लोकायचं जेवन खोटी होऊन राह्यलं." मामाचा चेहरा पडला. मुलगा घाईघाईने कॅप डोक्यावर घालायला लागला. ती आत आली होती तेव्हा मास्तरांचं वाजणं चालू होतं आणि तिची बोटं हलत होती, आणि आता तिच्या घरावरचा दुखवटा तिच्या पाठोपाठ या दिव्यांखाली येऊन बसला होता. मालक खुर्ची सरकवून उभे राहिले.

मास्तर तिघांच्या आधी हलले. ते वाजवायच्या चौथऱ्याची पायरी उतरून बाईसमोर गेले, डोक्यावरची लाल टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माय, वाजवू का?"

बाई बघत राहिली. टोपीशिवाय ते पुन्हा अकोटचे झाले होते.

"तुमी आकोटचे मास्तर न? माह्या लग्नात तुमीच होते," ती म्हणाली. "हे लई नाचले होते तुमच्या म्होरं."

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी हजार नवरदेव पाहिले असतील, हा आठवत असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी मान हलवली आणि तसेच उभे राहिले. बाईने पदराने डोळे पुसले, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वाजवा."

त्यांनी तिथेच, तिच्या टेबलाशी उभं राहून वाजवलं. वरात मांडवाच्या दाराशी येते तेव्हाचा तो ठेका होता, त्यात तुर्की काहीही नव्हतं. मामा मेनूकार्डात तोंड घालून रडत होता. मी स्वतः जाऊन बकलावा आणला. बाईने आधी मुलाच्या तोंडात घातला, मग स्वतः खाल्ला. नागपूरचा एक पाहुणा मालकांच्या दंडावर थाप मारून हसला आणि म्हणाला, अरे, हा तर आपलाच निघाला. मालकही त्याच्याबरोबर हसले. ते हसणं मी ओळखत होतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना निरोप द्यायची वेळ माझ्यावर आलीच नाही, कारण ते आले नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जाकीट घडी करून ठेवलं होतं आणि त्यावर टोपी. मालकांना काही बोलावं लागलं नव्हतं. उद्यापासून येऊ नका हे मीच सांगितलं होतं. महिनाभर तुर्की गाण्यांची सीडी वाजली. नागपूरची भागी झाली नाही, आणि दोन वर्षांनी तिथे फर्निचरचं दुकान आलं. मी दुसऱ्या हॉटेलात लागलो. अकोटला जावं असं शंभरदा मनात आलं, पण कोणत्या तोंडाने जाणार? अकोटची एसटी समोर लागलेली असायची आणि मी माझ्या गावच्या, वलगावच्या गाडीत बसायचो.

मग वलगावला माझे वडील गेले. बाराव्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरावरून एक वरात गेली. डीजेची गाडी. खिडकीची तावदानं थरथरली, फडताळातली भांडी वाजायला लागली. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने हात लांब करून तांब्यावरचं झाकण दाबून धरलं, गाडी जाईपर्यंत. मी दारात जाऊन उभा राहिलो, भादरलेलं डोकं दिसेल असा. गाडीवरच्या पोराने मला पाहिलंही. त्याचं काही चुकलं नाही. थांबायचं असतं हे त्याला सांगणारे होते त्यांना मी घरी बसवलं होतं.

माझा मामा कधीच वारला होता. आईचा दुखवटा तिच्या चुलतभावाने काढला. पंधराव्या दिवशी मी अकोटच्या गाडीत बसलो.

मास्तरांचं घर विचारत गेलो. आत नातवंडं टीव्हीवर गाणी लावून बसली होती. मास्तर बाजेवर होते, फार वाळले होते. त्यांनी मला ओळखायच्या आधी माझं डोकं पाहिलं आणि पोरांना म्हणाले, "बंद करा ते." टीव्ही बंद झाला. मग त्यांनी मला ओळखलं. बाजेवर सरकून जागा केली. कोण गेलं ते विचारलं, मी सांगितलं. मी बऱ्याच गोष्टी बोलायच्या ठरवून आलो होतो. त्यातलं मी एवढंच बोलू शकलो की ती बाई त्या दिवशी दुखवटा काढायला आली होती, हे मला माहीत होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही.

गप्प बसलेले मास्तर मी हॉटेलाबाहेर पहिल्यांदा पाहत होतो. मग त्यांनी विचारलं, तुमचा दुखवटा कोणी काढला? मी मामा नसल्याचं सांगितलं. त्यांनी आत बायकोला हाक मारून शिरा टाकायला सांगितला आणि चहा मागवला.

चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला. उठले, भिंतीपाशी गेले आणि खुंटीवरचं क्लॅरिनेट काढलं. त्यावर जुन्या ओढणीचं फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडक्यावर धूळ होती. पत्ती सोडवून त्यांनी चहात ठेवली. ती पार वाळली होती, भिजायला वेळ लागला. आम्ही दोघं त्या बशीकडे बघत बसलो.

मग पत्ती बसवून ते माझ्यासमोर उभे राहिले.

"कप्तान," ते म्हणाले, "वाजवू का?"

त्याच्या उत्तराचा शब्द मी एकदा त्यांच्या कानात मालकाच्या आवाजात टाकला होता. माझ्या तोंडून तो पुन्हा निघेना. मास्तर थांबून होते. मी होय म्हणेपर्यंत ते वाजवणार नव्हते, रात्र झाली असती तरी.

"वाजवा," मी म्हणालो.